घरगुती ॲनलॉग सामानावर एकट्याने अल्बम रेकॉर्ड करायचाय? मग या क्रमाने करा

सगळ्यात आधी कॅलेंडरवर एक तारीख ठरवा. त्या तारखेला सामान बनवायचं काम थांबणार, सोल्डरिंग आयर्न कपाटात जाणार आणि अल्बमचा शेवटचा मिक्स होईपर्यंत बाहेर यायचं नाही. हे अगदी सुरुवातीला लिहितोय कारण या छंदात माणसं अडकतात ती इथेच. प्रीॲम्प (माईकचा बारीक आवाज वाढवणारा डबा) झाला की वाटतं अजून एक कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारा) करू, तो झाला की रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा), मग वाटतं प्रीॲम्प आता पुन्हा नीट करू, आणि गाणी तशीच वहीत राहतात. माझी अशी दीड वर्षं गेली, त्यातली काही गाणी नंतर गायची इच्छाच राहिली नाही. त्याचं वाईट अजून वाटतं. तीन महिने पुरेसे आहेत. तेवढ्यात जे तयार होईल त्यावर अल्बम करायचा.

पायरी १: गाणी पक्की करा, मशीन नंतर

आठ किंवा नऊ गाणी, एकूण ३५ ते ४० मिनिटं, एवढं पुरे. प्रत्येक गाण्याला किती आवाज लागणार ते कागदावर लिहून काढा, म्हणजे गिटार, बेस, मुख्य गळा, मागचा गळा, ताल, आणि एखादी छोटी सुरावट असेल ती. हे आत्ताच करायचं कारण टेपवर ट्रॅक (वेगवेगळे आवाज भरायच्या समांतर पट्ट्या) मोजके असतात आणि कुठला आवाज कधी येणार हे आधी ठरलं नसेल तर तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळा गोंधळ होतो. कॉम्प्युटरवर "नंतर बघू" चालतं, चार ट्रॅकच्या टेपवर नाही चालत. मला स्वतःला ही बंदी आवडते, कारण हा आवाज गाण्याला खरंच हवाय का हे रेकॉर्ड करायच्या आधीच ठरवावं लागतं.

गाणी पूर्ण वाजवता यायला हवीत, तुकड्या-तुकड्यात नाही. अंगवळणी पडलेलं गाणं टेपवर लवकर उतरतं.

पायरी २: टेप मशीन बनवू नका, जुनं घेऊन दुरुस्त करा

प्रीॲम्प, माईक, रिव्हर्ब, मिक्सर हे सगळं घरी बनतं, पण टेप चालवणारी यंत्रणा घरी बनवायच्या भानगडीत नवख्या माणसाने पडू नये. टेप एकसारख्या वेगाने सरकवणं हे फार बारीक काम आहे, वेग जरा हलला की सूर थरथरतो आणि ते कानाला लगेच कळतं. जर्मनीत १९३५ ला मॅग्नेटोफोन लोकांसमोर आला तेव्हापासून या यंत्रणेवर पिढ्यान् पिढ्या इंजिनियर लोकांनी डोकं लावलंय, त्याचा फायदा घ्या.

एकट्या माणसासाठी दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे चार ट्रॅकचं कॅसेट मशीन. १९७९ मध्ये टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ १४४ आलं आणि घरात बसून एकट्याने थर चढवत गाणं करणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. साधी कॅसेट दोन बाजूंनी वाजते, इथे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतात आणि बहुतेक चांगली मशीन्स दुप्पट वेगाने म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटरने चालतात, त्यामुळे ६० मिनिटांच्या कॅसेटवर फक्त १५ मिनिटं बसतात. हे गणित विसरू नका, नाहीतर ऐन शेवटच्या ओळीत टेप संपते.

दुसरा रस्ता रीलचा, पाव इंची टेप आणि १९ किंवा ३८ सेंटीमीटर वेग. आवाज जास्त मोकळा, वरच्या पट्ट्या जास्त स्वच्छ, आणि टेप कापून जोडता येते. पण रील मशीनवर एक प्रश्न येतो तो आधीच समजून घ्या. तिथे रेकॉर्ड करणारं हेड (टेप ज्याला घासून जाते तो चुंबकी भाग) आणि ऐकवणारं हेड वेगवेगळं असतं, दोघांमध्ये काही सेंटीमीटर अंतर असतं. समजा ३ सेंटीमीटर आहे आणि टेप १९ च्या वेगाने चाललीय, तर तुम्ही जे ऐकताय ते सेकंदाच्या साधारण सहाव्या भागाने उशिरा आहे, आणि त्यावर तुम्ही दुसरं वाद्य वाजवलंत तर दोन्ही कायम चुकलेले राहतील. म्हणून ज्या मशीनवर रेकॉर्ड हेडमधूनच आधीचा ट्रॅक ऐकता येतो, म्हणजे सिंकची सोय आहे, तसंच मशीन घ्या. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने १९५७ मध्ये जे आठ ट्रॅकचं मशीन घरी आणलं ते याच तत्त्वावर चालायचं. कॅसेटच्या चार ट्रॅक मशीनमध्ये रेकॉर्डचं आणि ऐकायचं हेड एकच असल्याने हा प्रश्नच येत नाही, म्हणून पहिल्या अल्बमला मी कॅसेटच सुचवेन.

मशीन घेताना भिंग घेऊन जा. हेडवर टेपने खोल खाच पाडली असेल तर सोडून द्या, बाकी बेल्ट, रबर, स्विच हे सगळं बदलता किंवा साफ करता येतं, घासलेलं हेड मात्र नवख्याच्या हाताबाहेरचं काम आहे.

पायरी ३: वीज लावायच्या आधी

मागे व्होल्टेज बदलायची चकती आहे का बघा आणि ती तुमच्या विजेवर आहे का ते दोनदा तपासा. मशीन दुसऱ्या देशातलं असेल तर ५० आणि ६० हर्ट्झचाही फरक असतो, काही जुन्या मोटर विजेच्या हर्ट्झवरच वेग धरतात. ६० वाली मोटर ५० वर लावली तर सगळं जवळपास तीन सेमिटोन खाली वाजतं. व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, मोटरची पुली बदलावी लागते.

बेल्ट जुना असेल तर तो बहुतेक वितळून डांबरासारखा झालेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाड्या घेऊन शांतपणे साफ करा, हातमोजे घाला कारण ते काळं हाताला आणि कपड्यांना चिकटलं की निघत नाही. नव्या बेल्टचं माप काढायला पुल्यांभोवती दोरा गुंडाळा, आणि त्या लांबीपेक्षा साधारण ५ टक्के लहान बेल्ट घ्या. हेड आणि धातूचा कॅप्स्टन (टेप ओढणारा दांडा) अल्कोहोलने पुसायचा, रबराच्या रोलरवर मी फक्त किंचित साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं वापरतो कारण अल्कोहोलने रबर कोरडं पडतं.

मग डिमॅग्नेटायझर, म्हणजे हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढणारं यंत्र. मशीन बंद, टेपा दुसऱ्या खोलीत, डिमॅग्नेटायझर हेडपासून हातभर लांब असताना चालू करायचा, हळूहळू जवळ न्यायचा, फिरवायचा, तितक्याच हळू लांब न्यायचा आणि लांब गेल्यावरच बंद करायचा. जवळ असताना बंद केलात तर हेड उलट जास्त मॅग्नेट होतं. घाई नको.

पायरी ४: माईक

इथे मजा आहे आणि इथेच घरगुती सामानाचा खरा आवाज तयार होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एक, इलेक्ट्रेट कॅप्सूल. १० मिलिमीटरची छोटी डबी, दोन तारा, ९ व्होल्टची बॅटरी, मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि आवाज बाहेर काढायला १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. झाला माईक. धातूच्या नळीत बसवा, नळी ग्राउंडला जोडा, नाहीतर घरातल्या सगळ्या वायरिंगची घूं घूं आत येते. गिटार आणि गळा दोन्हीला चालतो, फार खुला आणि स्वच्छ येतो, कधी कधी टेपसाठी जरा जास्तच टोकदार.

दोन, स्पीकरचाच माईक. स्पीकर उलटा वापरला की तो डायनॅमिक माईकच असतो, पडदा हलतो, कॉइल हलते, वीज तयार होते. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला ८ ओहमचा छोटा स्पीकर घ्या आणि त्याच रेडिओतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा लावा. तो १ किलोओहम ते ८ ओहम असा असेल तर उलट लावल्यावर व्होल्टेज ११ पट वाढतं, म्हणजे २१ डेसिबल फुकटात मिळतात, ना बॅटरी ना खरखर. आवाज मधल्या पट्टीचा, जुन्या टेलिफोनसारखा. मागच्या गळ्याला, टाळ्यांना, तालाला हा असा काही बसतो की नंतर कुठलाही इक्वलायझर लावावा लागत नाही. मोठा स्पीकर असाच ड्रमसमोर ठेवला तर खालचा धम्म आवाज पकडतो.

तीन, पिझो चकती, म्हणजे थरथर पकडून तिची वीज करणारी. २७ मिलिमीटरची पितळी चकती, गिटारच्या लाकडाला किंवा कुठल्याही डब्याला चिकटवायची. नवखे लोक ही थेट मिक्सरला लावतात आणि म्हणतात आवाज पत्र्यासारखा येतो. दोष चकतीचा नाही. चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर, तिला १० किलोओहमचं इनपुट दिलं तर ८०० हर्ट्झखालचं सगळं गळून जातं, तेच १ मेगाओहम दिलं तर ८ हर्ट्झपर्यंत उतरते. म्हणून पिझोला आधी जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) किंवा टीएल०७२ चिपचा बफर (चकतीवर भार न टाकणारी मधली पायरी) लागतोच, आणि तो चकतीच्या जवळ ठेवायचा, लांब तारेच्या दुसऱ्या टोकाला नाही.

पायरी ५: प्रीॲम्प, आणि व्हॉल्व्हबद्दल मनापासून एक विनंती

पहिला प्रीॲम्प एनई५५३२ या चिपवर करा. मिळायला सोपा, आवाज शांत, आणि चुकलं तरी कोणी मरत नाही. साध्या रचनेत गेन म्हणजे एक अधिक दोन रेझिस्टरांचा भागाकार, २२ किलोओहम आणि २२० ओहम घेतले की १०१ पट, म्हणजे ४० डेसिबल. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर मस्त चालतो आणि बॅटरीवर असल्यामुळे विजेची हम, म्हणजे ती घूं घूं, येतच नाही. घरगुती सामानात अर्धी डोकेदुखी हमचीच असते, म्हणून पहिल्या अल्बमला सगळे छोटे डबे बॅटरीवरच ठेवा असं मी आग्रहाने सांगेन.

तरी हम आली तर ग्राउंड लूप शोधा, दोन डबे दोन वेगळ्या रस्त्यांनी अर्थला जोडले गेलेत का ते बघा. सगळी ग्राउंड एका बिंदूवर आणा, सगळी उपकरणं एकाच प्लगपट्टीवर लावा. आणि प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. काहीजण हा उपाय सांगतात, हम जाते हे खरं, पण मग बिघाड झाल्यावर करंट जायचा रस्ता तुमच्या अंगातून जातो, आणि तुम्ही गिटारच्या तारा आणि माईक एकाच वेळी धरून उभे असता.

व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी. मला समजतं, जुना आवाज म्हटलं की सगळ्यांना आधी तेच हवं असतं. १२एएक्स७ ही व्हॉल्व्ह सुंदर आहे, पण तिच्या प्लेटवर २०० ते ३०० व्होल्ट असतात, आणि वीज काढल्यावरही पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर भरलेले राहतात. पहिला प्रकल्प म्हणून हे करू नका. शिकायचंच असेल तर ज्याने आधी केलंय अशा माणसाच्या शेजारी बसून शिका. आणि एक फार महत्त्वाचं, काही जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो, सगळी धातूची चासी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असते. असा रेडिओ उघडून त्यातून ॲम्प काढायचा विचार डोक्यातून काढून टाका. जुना उबदार आवाज म्हणतात तो बराचसा टेप, ट्रान्सफॉर्मर आणि माईकमधूनच येतो, त्यासाठी जीव धोक्यात घालायची गरज नाही.

पायरी ६: रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, मिक्सर

मिक्सर सगळ्यात सोपा, प्रत्येक इनपुटला एक पॉट (आवाज कमीजास्त करायची खुंटी) आणि १० किलोओहमचा रेझिस्टर, सगळे एका तारेवर, पुढे तोच एनई५५३२ लावून कमी झालेली लेव्हल परत मिळवायची. कॅसेट मशीनमध्ये मिक्सर असतोच, तेव्हा हे सोडलं तरी चालेल.

कॉम्प्रेसर एकच करा, प्रकाशावर चालणारा. एक एलईडी आणि एक एलडीआर समोरासमोर काळ्या नळीत बंद करायचे, आवाज वाढला की एलईडी उजळतो, एलडीआरचा रेझिस्टन्स पडतो, आवाज खाली येतो. १९६० च्या दशकातला टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए याच कल्पनेवर चालतो. एलडीआर अंधारात परत यायला आपला वेळ घेतो आणि तेवढ्यामुळेच गळ्यावर तो इतका नैसर्गिक वाटतो. नळीत बाहेरचा उजेड अजिबात जाता कामा नये, मी दोन थर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आणि टोकाला काळी टेप लावतो.

रिव्हर्बसाठी माझं मत ठाम आहे, आधी खोली वापरा. बाथरूममध्ये किंवा जिन्यात एक स्पीकर, लांब एक माईक, झाला चेंबर. यापेक्षा चांगला रिव्हर्ब घरी बनवणं अवघड आहे. त्यानंतर स्प्रिंग. छोट्या स्पीकरच्या कोनच्या मध्यभागी स्प्रिंगचं एक टोक चिकटवा, दुसऱ्या टोकाला पिझो, दोन-तीन वेगवेगळ्या लांबीच्या स्प्रिंगा एकत्र लावल्या तर बोंगबोंग कमी होतं. स्प्रिंगला आवाज पाठवताना बेस कापून पाठवा, साधारण २५० हर्ट्झच्या खालचं नको, नुसता चिखल होतो. जागा असेल त्यांनी पातळ पोलादी पत्रा फ्रेममध्ये चार कोपऱ्यांनी ताणून त्यावर एक्सायटर (पत्र्याला थरथरवणारा, कोन नसलेला स्पीकर) आणि दोन पिझो लावून प्लेट रिव्हर्ब करून बघावा. १९५७ च्या ईएमटी १४० या प्लेट रिव्हर्बमध्ये साधारण दोन मीटर बाय एक मीटरचा पत्रा होता, पण त्याच्या चौथाई आकारातही गाण्याला पुरेल एवढा आवाज येतो, फक्त शेपूट जरा धातूचं लागतं.

आता ती तारीख आली असेल. सोल्डरिंग आयर्न कपाटात.

पायरी ७: टेप नवीनच घ्या

नवी टेप आजही बनते. जुन्या रील्स, खास करून १९७० आणि ८० च्या दशकातल्या, बऱ्याचदा चिकट होतात, कारण टेपवरचा कण धरून ठेवणारा बाइंडर हवेतला ओलावा पिऊन सुटायला लागतो, मग मशीन चिरकतं आणि हेडवर तपकिरी लगदा साचतो. अशा टेपा साधारण ५४ अंशांना कित्येक तास मंद भाजून एकदा ऐकण्यापुरत्या वाचवता येतात, पण त्यावर नवीन काम करायचं नाही. कॅसेट घेताना क्रोम म्हणजे टाइप २ घ्या, मशीनला तीच हवी असते बहुतेक वेळा, आणि ६० किंवा ९० मिनिटांचीच. १२० वाली फार पातळ असते, ताणली जाते.

पायरी ८: टोन आणि लेव्हल

मशीन अर्धा तास आधी चालू करून ठेवा, गरम झाल्यावर वेग स्थिरावतो. टेपच्या सुरुवातीला १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० हर्ट्झ असे टोन प्रत्येकी ३० सेकंद रेकॉर्ड करा, आणि ४४० हर्ट्झचा एक सूरही, वाद्य जुळवायला. तीन आठवड्यांनी परत बसलात आणि वेग किंचित बदलला असेल तर वाद्य त्या टेपवरच्या सुराला लावायचं, ट्यूनरला नाही. हे न केल्यामुळे माझं एक पूर्ण गाणं गेलं, गिटार आणि बेस दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते, एकमेकांशी जुळत नव्हते.

लेव्हल बघताना सुई काय सांगते आणि काय सांगत नाही ते कळायला हवं. व्हीयू मीटरची सुई सावकाश हलते, ०.३ सेकंद घेते, त्यामुळे गळ्याची लेव्हल ती बरी दाखवते पण तबल्याची थाप किंवा ड्रमचा फटका निघून गेल्यावर ती जेमतेम उचललेली असते. म्हणून तालवाद्य सुई उणे ८ च्या आसपास असताना घ्या, गळा आणि बेस शून्याला टेकू द्या, कधी थोडं वर गेलं तरी टेप ते गोड करून घेते. झांज किंवा खुळखुळ्यासारखे वरच्या पट्टीचे आवाज मात्र खालीच ठेवा, संथ वेगाच्या टेपवर ते सगळ्यात आधी भरडले जातात.

मशीनमध्ये डीबीएक्स किंवा डॉल्बी (टेपची खरखर कमी करायची सोय) असेल तर अल्बमभर एकच ठरवा, लावायचं किंवा नाही, आणि कॅसेटवर लिहा. लावून घेतलेलं न लावता ऐकलं तर भलतंच वाजतं.

पायरी ९: ट्रॅक कसे वाटायचे

टेपच्या कडेचे ट्रॅक, म्हणजे १ आणि ४, जास्त झिजतात आणि तिथे आवाज मध्येच पडतो. मुख्य गळा शक्यतो २ किंवा ३ वर ठेवा. मेट्रोनोमची टिकटिक गळ्याच्या शेजारच्या ट्रॅकवर कधीच नको, शांत जागी ती ऐकू येते.

चार ट्रॅकवर चारच आवाज बसतात असं नाही. १, २, ३ वर वाजवा, मग ते तिन्ही मिसळून ४ वर उतरवा आणि उतरवताना एक आवाज थेट सोबत वाजवा, झाले चार. आता १ आणि २ वर नवीन वाजवा, ते दोन आणि एक थेट असे ३ वर, झाले अजून तीन. मग १ वर एक, तो आणि एक थेट असे २ वर, अजून दोन. शेवटी १ वर एक. एकूण १० आवाज, आणि त्यातला एकही एकदापेक्षा जास्त उतरवलेला नाही. हे कागदावर काढून बघा, सुंदर हिशोब आहे.

पण त्याची किंमत आहे. दोन सारखी खरखर असलेले ट्रॅक मिसळले की खरखर ३ डेसिबलने वाढते, वरची चमक थोडी जाते, आणि मिसळलेलं परत वेगळं होत नाही. म्हणून ज्यांना चमक गेली तरी चालते ते आधी, बेस, ताल, मागची गिटार, आणि उतरवताना वरची पट्टी जराशी जास्त ठेवायची. मुख्य गळा आणि चमकणारी सुरावट अगदी शेवटी. उतरवल्यावर जुने ट्रॅक पुसायच्या आधी चहापाणी करून या, मग परत ऐका. बेस जास्त झालाय हे पुसल्यावर कळून उपयोग नाही. रील मशीनवर शेजारच्याच ट्रॅकवर उतरवलं तर कधी कधी शिट्टी सुरू होते, तिथे मध्ये एक ट्रॅक सोडा.

पायरी १०: एकट्याने बसायची तयारी

मशीन हाताशी हवं आणि माईकपासून लांबही हवं, दोन्ही एकदम जमत नाही. मोटरचा आवाज माईकमध्ये येतो, म्हणून मशीन माईकच्या पाठीमागे ठेवा आणि तुम्ही माईकच्या तोंडाशी बसा, मध्ये जाड रजई टांगा. बऱ्याच कॅसेट मशीनना पायाने दाबायच्या स्विचसाठी जागा असते, तो नक्की घ्या, एकट्या माणसाचा तो तिसरा हात आहे. प्रत्येक गाण्याआधी काठीने चार मात्रा रेकॉर्ड करा, नाहीतर दुसरं वाद्य सुरू कुठे करायचं ते कळणार नाही.

मध्येच एखादी ओळ दुरुस्त करायची असेल तर रेकॉर्ड न दाबता पाच वेळा तालीम करा, श्वासाच्या जागेवर आत शिरा आणि पुढच्या श्वासावर बाहेर. परत फिरणं नाही इथे. आणि खरं सांगायचं तर तीन टेकमध्ये जमलं नाही तर त्या दिवशी ते गाणं सोडा, दुसरं घ्या. घसा आणि टेप दोन्ही वाचतात.

वही ठेवा. गाणं, काउंटरचा आकडा, वेग, कुठल्या ट्रॅकवर काय, कुठला माईक किती लांब, कुठली खुंटी कुठे. ॲनलॉग डब्यात सेव्ह बटण नसतं, खुंट्यांचे फोटो काढून ठेवा.

पायरी ११: मिक्स, कापणं आणि जपणं

मिक्सच्या आधी चारही ट्रॅक एकदम कॉम्प्युटरवर २४ बिटमध्ये उतरवून ठेवा, फक्त बॅकअप म्हणून. टेप अडकली तर वर्षाचं काम जाऊ नये.

मिक्स हे वाजवणंच आहे. कुठल्या ओळीला रिव्हर्ब उघडायचा, कुठे गिटार खाली घ्यायची, हे हातांना पाठ होईपर्यंत करा, मग दोन ट्रॅकच्या (डावा-उजवा) वेगळ्या मशीनवर उतरवा. एका दमात जमत नसेल तर गाण्याचे दोन भाग वेगळे मिक्स करून रीलची टेप ब्लेडने कापून जोडा. १९ च्या वेगावर, १२० च्या लयीत, एक मात्रा म्हणजे साडेनऊ सेंटीमीटर टेप, पट्टीने मोजता येते. काप ४५ अंशांचा, ठोका सुरू व्हायच्या किंचित आधी, आणि जोडायला स्प्लायसिंग टेपच वापरा, साध्या चिकटपट्टीचा गोंद बाहेर येऊन शेजारच्या वेढ्याला लागतो. ब्लेड मॅग्नेट झालं असेल तर जोडावर टक्क आवाज येतो, अधूनमधून तेही डिमॅग्नेटाइझ करा. गाण्यांच्या मध्ये पांढरी लीडर टेप (आवाज न भरता येणारी कोरी पट्टी) घाला, तीन सेकंदांची शांतता म्हणजे ५७ सेंटीमीटर. पहिल्यांदा कापताना हात थरथरतो, आधी नको असलेल्या टेपवर वीस-पंचवीस जोड करून बघा.

तयार मास्टर मागे गुंडाळून ठेवू नका. शेवटपर्यंत वाजवा आणि तसाच, शेवट बाहेर ठेवून डब्यात घाला, डब्यावर तसं लिहा. टेपच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर थोडा उमटतो, आणि अशी ठेवली तर तो मुख्य आवाजाच्या नंतर येतो, शेपटीत लपतो, आधी आला असता तर गाणं सुरू व्हायच्या आधीच भूत ऐकू आलं असतं. डबा उभा ठेवायचा, स्पीकर आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांब, कोरड्या आणि थंड जागी. आत वहीतल्या त्या पानाची प्रत, वेग, टोनची लेव्हल आणि कुठल्या मशीनवर केलंय ते लिहून घाला, म्हणजे दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला वाजवायचं झालं तर आधी हेड त्या टोनवर जुळवून घेता येईल.